उंच, किडकिडीत आणि हाताने काढलेला: एका फॉन्टवरून आलेले तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेले होते की हाताने काढल्यासारखे दिसणारे अरुंद फॉन्ट म्हणजे उंच किडकिडीत माणसं, गर्दीत लगेच नजरेत भरतात पण त्यांच्याकडून पोती उचलून घेऊ नका. एवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून हाच विषय घेतलाय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि दोघांनी नुसतं "पोती म्हणजे काय?" एवढंच विचारलंय, त्यांचं उत्तर पुढे येईलच.

प्रश्न: तुम्ही नक्की कुठल्या फॉन्टबद्दल बोलताय? आणि डिस्प्ले फॉन्ट म्हणजे काय, स्क्रीनवर दिसतो तो का?

नाही नाही, डिस्प्लेचा स्क्रीनशी संबंध नाही. जो फॉन्ट मोठ्या साइझमध्ये, थोड्या शब्दांसाठी वापरायचा तो डिस्प्ले, म्हणजे पोस्टर, कव्हर, पाटी, मथळा. आणि जो लहान साइझमध्ये पानंच्या पानं वाचायला असतो तो टेक्स्ट. ढोबळमानाने पुस्तकातला मजकूर ९ ते १२ पॉइंटचा, आणि डिस्प्लेची मजा १८ पॉइंटच्या पुढे सुरू होते, खरी तर ३०-४० च्या पुढे.

माझ्या डोळ्यासमोर होता तो अमॅटिक एससी, व्हर्नन अ‍ॅडम्स यांनी काढलेला. इंग्रजी अक्षरं, सगळी कॅपिटलच, लहान अक्षरांच्या जागी छोटी कॅपिटल्स येतात, रेघ बारीक, अंग अरुंद, आणि रेघ हाताने ओढली की जशी किंचित थरथरते तशी. गंमत म्हणजे याच माणसाने ओस्वाल्ड पण काढलाय, तोही अरुंद, पण पट्टी लावून काढल्यासारखा सरळ. दोन्ही फुकट मिळतात. एकच शब्द दोन्हीमध्ये टाइप करून शेजारी ठेवा, मी सांगण्यापेक्षा ते जास्त कळेल. ओस्वाल्ड बातमी देतो आणि अमॅटिक चिठ्ठी लिहितो, रुंदी जवळपास त्याच जातीची पण स्वभाव पार वेगळा. म्हणजे अरुंदपणा ही एक गोष्ट आणि हात दिसणं ही दुसरी, दोन्ही एकत्र आल्या की उंची पण मिळते आणि ओळखीचा सूर पण.

प्रश्न: आमच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर मजकूर फार होता म्हणून मुद्दाम अरुंद फॉन्ट घेतला. सगळं मावलं, पण दिसायला भयाण. काय चुकलं?

हीच ती पोती. बहुतेक लोक अरुंद फॉन्टकडे जागा वाचवायला बघतात आणि तिथेच गडबड होते. तो जागा वाचवायला नसतोच हो, तो अक्षर मोठं करायला असतो!

हिशोब करून बघा. समजा तुमच्याकडे २० सेंटीमीटर रुंदी आहे आणि १० अक्षरांचा शब्द आहे. साध्या फॉन्टचं एक अक्षर सरासरी साइझच्या ०.६ पट रुंद धरलं तर १० अक्षरं म्हणजे साइझच्या ६ पट, म्हणजे साइझ मिळाली साधारण ३.३ सेंटीमीटर. आता अरुंद फॉन्ट घ्या, अक्षर ०.३५ पट रुंद, १० अक्षरांचे झाले साडेतीन पट, म्हणजे साइझ गेली ५.७ सेंटीमीटरवर. तोच शब्द, तीच रुंदी, आणि अक्षर जवळपास पावणेदोन पट उंच. लांबून बघणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. तुम्ही काय केलंत, साइझ तीच ठेवली आणि उरलेल्या जागेत अजून शब्द कोंबले. मग अरुंद अक्षर लहान साइझला गजांसारखं दिसायला लागतं, सगळ्या उभ्या रेघा, आतली पोकळी गायब.

मला हे शहाणपण आधीपासून होतं असं समजू नका. मी एकदा एका प्रदर्शनाच्या पोस्टरवर बारा ओळी अशाच बारीक हातलेखी फॉन्टमध्ये लावल्या, मला स्वतःला ते इतकं सुंदर वाटत होतं की प्रिंट होऊन भिंतीवर लागेपर्यंत मी बदलू दिलं नाही, आणि मग पहिल्याच दिवशी चार जणांनी पोस्टरसमोर उभं राहून मला विचारलं की प्रदर्शन किती तारखेला आहे. तारीख पोस्टरवर होती. सातव्या ओळीत.

तर नाव किंवा मथळा, फार तर पाच-सहा शब्द अरुंद फॉन्टमध्ये, आणि तारीख वेळ पत्ता सगळं एखाद्या साध्या, अंगाने भरलेल्या टेक्स्ट फॉन्टमध्ये. आकडे तर नकोच त्याच्यात, हाताने काढलेल्या अरुंद आकड्यांत १ आणि ७ भांडतात, ३ आणि ८ पण.

प्रश्न: वेगळा फॉन्ट कशाला, कुठलाही फॉन्ट घेऊन आडवा ६० टक्के केला की झाला अरुंद. नाही का?

नाही. आणि मी हे दर दोन महिन्यांनी लिहिते.

अक्षर आडवं दाबलं की उभी रेघ बारीक होते पण आडवी रेघ तेवढीच राहते. उभी आणि आडवी दोन्ही १० एककं जाड होत्या असं धरा, ६० टक्के केल्यावर उभी ६ झाली आणि आडवी १० च राहिली. डोळ्याला साधारण उभी रेघ थोडी जाड बघायची सवय असते, इथे उलटंच झालं, म्हणून ते अक्षर कुणीतरी दारात चेमटल्यासारखं दिसतं. शिवाय गोलाई बिघडते, O चं अंडं होतं, तिरक्या रेघा जास्तच उभ्या होतात. खरा अरुंद फॉन्ट काढणारा माणूस रुंदी कमी करताना प्रत्येक रेघेची जाडी परत ठरवतो, गोलाईच्या बाजू सपाट करतो, आतली पोकळी वाचवतो.

हातलेखी फॉन्टमध्ये ही चोरी अजून लवकर पकडली जाते, कारण तिथे सगळा खेळ एका पेनाचा असतो. गोल टोकाचा मार्कर किंवा पेन कुठल्याही दिशेला फिरवा, रेघ सारख्याच जाडीची पडते. दाबलेल्या अक्षरात उभी बारीक आणि आडवी जाड दिसली की बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही पण त्या पेनाने अशी रेघ पडत नाही हे त्याच्या डोळ्याला कळतं, मग हाताने लिहिल्याचा भासच संपतो. हेच खोट्या बोल्डचं. फॉन्टमध्ये बोल्ड नसताना तुम्ही B दाबलात की सॉफ्टवेअर नुसती कडा फुगवतं आणि आधीच चिंचोळी असलेली पोकळी बुजते. अमॅटिकला स्वतःचा बोल्ड आहे, तो वापरा.

एक रीतसर मार्ग मात्र आता आहे, व्हेरिएबल फॉन्ट. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून २०१६ मध्ये हा प्रकार आणला, त्यात रुंदीचा स्लायडर असू शकतो. तो सरकवला की रुंदी बदलते पण रेघांची जाडी डिझायनरने ठरवलेली राहते. सगळ्या व्हेरिएबल फॉन्टना हा स्लायडर नसतो, काहींना फक्त जाडीचा असतो, तेवढं बघून घ्या.

प्रश्न: हे सगळं इंटरनेटच्या जमान्यातलं फॅड आहे का?

उलट युरोपात सुट्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांच्या, छपाईची सुरुवातच अरुंद हातलेखी अक्षराने झाली म्हणा ना. पंधराव्या शतकातला जर्मन मुद्रक गुटेनबर्ग, त्याच्या ४२ ओळींच्या बायबलचा टाइप म्हणजे त्या काळच्या लेखनिकांचं टेक्स्तुरा वळण, उंच, दाटीवाटीचं, रुंद निबने काढलेलं. हाताचा भास टिकवायला आणि ओळी दोन्हीकडून सारख्या बसवायला त्याने एकेका अक्षराचे वेगवेगळ्या रुंदीचे खिळे आणि जोडाक्षरं मिळून जवळपास २९० प्रकार केले होते. नंतर व्हेनिसमध्ये आल्दुस मनुतियस या प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कापलेला इटॅलिक, तोही हस्ताक्षरावरूनच आणि तोही अंग चोरलेला, १५०१ मध्ये त्यात रोमन कवी व्हर्जिल छापला गेला. (तिथे मात्र तो चक्क पूर्ण पुस्तकासाठी वापरलाय, म्हणजे माझा डिस्प्लेचा नियम मीच मोडून दाखवला.)

पोस्टरवाली उंच अक्षरं आली लाकडी टाइपबरोबर. शिशाचे मोठे खिळे फार जड आणि महाग पडायचे, न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राने लाकडी अक्षरं कोरून १८२८ मध्ये त्यांचा कॅटलॉग काढला, पुढे १८३४ मध्ये लेव्हनवर्थने त्यात पँटोग्राफ जोडला, म्हणजे एका नमुन्यावरून हव्या त्या साइझची अक्षरं निघायला लागली. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द कमी-जास्त लांब, आणि प्रत्येक ओळ कडेपासून कडेपर्यंत भरायची, मग लांब शब्दाला अरुंद टाइप आणि छोट्या शब्दाला रुंद. जुन्या पोस्टरमध्ये दर ओळीला फॉन्ट बदललेला दिसतो ना, त्यात हौस होतीच पण हा रुंदीचा हिशोबही होता.

प्रश्न: असा फॉन्ट देवनागरीत आहे का? आणि नसेल तर का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि मलाही यावरच बोलायचं होतं.

अमॅटिकमध्ये देवनागरी नाही. देवनागरीत अरुंद हवा असेल तर खंड आणि प्रगती नॅरो नावाचे फॉन्ट आहेत, पण ते पट्टीने काढल्यासारखे नीटनेटके. हात दिसायला हवा असेल तर कलम नावाचा आहे, छान मोकळा, पण तो अरुंद नाही. दोन्ही गुण एकत्र असलेला, उंच आणि हातलेखी, असा सहज मिळणारा आणि मला मनापासून आवडलेला फॉन्ट अजून सापडलेला नाही. कारण देवनागरीला बारीक करणं सोपं नाहीये.

इंग्रजी कॅपिटल्स म्हणजे सगळी एका उंचीची, वर काही नाही खाली काही नाही. आपल्याकडे क घ्या, मधे काना आणि दोन्ही बाजूंना पोट. अरुंद करायला गेलात की दोन्ही पोटं कान्याला चिकटतात. ण मध्ये तीन उभ्या रेघा, त्या जवळ आणल्या की कुंपण. ळ ची दोन वाटोळी शेजारी शेजारी, झ बद्दल तर बोलायलाच नको. त्यात आडवी जोडाक्षरं, वैशिष्ट्य किंवा मत्स्य लिहून बघा, अर्धी अक्षरं रांगेत उभी राहतात आणि अरुंदपणाचा सगळा फायदा एका अक्षरात संपतो. ट्ट, द्ध अशी एकाखाली एक काढली तर रुंदी वाचते पण उंची लागते, आणि उंचीवर आधीच वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार वरून आणि उकार खालून बसलेले असतात.

म्हणून इंग्रजीत जी ट्रिक सर्रास चालते, कॅपिटल्सच्या ओळी एकमेकींना जवळजवळ टेकवून एक घट्ट गठ्ठा करायचा, ती मराठीत केली की वरच्या ओळीतला "पूर्वी"चा ऊकार खालच्या ओळीतल्या "कीर्ती"च्या रफारात घुसतो. मराठीला ओळींमध्ये जागा द्यावीच लागते, किंवा मग शब्द असे निवडायचे आणि ओळी अशा तोडायच्या की उकाराखाली वेलांटी येणार नाही. लेटरिंग करणारे हे करतातच, फॉन्टला ते आपोआप कळत नाही.

दुसरी अडचण शिरोरेघेची. इंग्रजी अरुंद अक्षरांना थोडं ट्रॅकिंग दिलं, म्हणजे अक्षरांमधली जागा वाढवली, की ती एकदम श्वास घेतात. देवनागरीत तेच केलंत की शिरोरेघ तुटते, कारण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराबरोबर शिरोरेघेचा तुकडा असतो आणि तो शेजारच्याला जेमतेम टेकलेला असतो. शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. तुटलेली शिरोरेघ मुद्दाम, प्रत्येक अक्षराची वेगळी आणि थोडी वरखाली काढली तर मात्र ती फार गोड दिसते, हाताने लिहिताना आपण घाईत तसंच करतो की. पण ते ठरवून करायचं असतं.

तर माझा सल्ला, मथळा मराठीत असेल आणि पाचच शब्द असतील तर फॉन्ट शोधत बसू नका, ते पाच शब्द हाताने काढा किंवा काढून घ्या. "तऱ्हा" मधला ऱ्ह असो की मराठी वळणाचा ल आणि श, हाताने काढलं की हवे तसे मिळतात. फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आला तर आधी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केलीये का बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात पण भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

प्रश्न: फॉन्ट हातलेखी म्हणतात पण काहीतरी खोटं वाटतं. माझाच भ्रम आहे का?

भ्रम नाही. माणूस एकच अक्षर दोनदा काढेल तर ते दोनदा सारखं येणार नाही. फॉन्टमध्ये मात्र "मामा" लिहिलंत की दोन्ही म जुळे, त्याच जागी तोच थरथराट. चांगल्या हातलेखी फॉन्टमध्ये एका अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइपचं कॉन्टेक्श्चुअल अल्टरनेट्स, म्हणजे शेजारचं अक्षर बघून रूप बदलण्याची सोय, चालू असेल तर ती आळीपाळीने येतात. काही कॅपिटल्सवाल्या फॉन्टमध्ये शिफ्ट धरून एक रूप आणि न धरता दुसरं असं ठेवलेलं असतं, तर LOOK लिहिताना एक O शिफ्ट धरून आणि एक न धरता टाका. यातलं काहीच नसेल तर मथळ्याचं आउटलाइन करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा, आणि एका अक्षराला हाताने किंचित हलवा, एक अंश फिरवलं तरी पुरतं. सगळ्यांना फिरवू नका, दारू प्यायल्यासारखं दिसतं.

प्रश्न: फोटोवर पांढऱ्या रंगात टाकला तर नीट दिसत नाही, काय करू?

फॉन्टचं जाड रूप घ्या, साइझ वाढवा, आणि फोटोचा शांत कोपरा शोधा. वेबच्या नियमांत मोठ्या मजकुराला, म्हणजे १८ पॉइंट किंवा बोल्ड असेल तर १४, ३:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, चालतो आणि बारक्याला ४.५:१ लागतो. पण रेघ इतकी बारीक असेल तर साइझ मोठी असूनही मी ४.५ च धरते, कारण स्क्रीनवर एका पिक्सेलपेक्षा बारीक रेघ करडी होऊन जाते. छापताना गडद शाईतून पांढरी रेघ सोडली असेल तर शाई पसरून ती अजून बारीक होते, हे प्रेसवाला सांगेलच, त्याचं ऐका. सावली आणि चमक नको.

प्रश्न: आमच्या छोट्या ब्रँडच्या लोगोला असा फॉन्ट घ्यावा का? लायसन्स लागतं का?

लायसन्सचं पटकन. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर लोगो, पॅकिंग, वेबसाइट सगळीकडे धंद्यासाठी वापरता येतो, फक्त तो फॉन्ट एकटा विकता येत नाही. "पर्सनल यूज" लिहिलं असेल तर धंद्याला नाही, तिथे पैसे भरा.

घ्यावा का म्हणाल तर मी दोनदा विचार करीन. एक तर लोगो मोबाइलवर बोटाच्या नखाएवढा दिसतो, तिथे ही अक्षरं विरघळतात. दुसरं म्हणजे फुकट आणि गोड असल्यामुळे तो हजारो जणांनी घेतलाय. आणि तिसरं, जे मला खरं खुपतं, हे अक्षर एक गोष्ट न बोलता सांगतं की कुणीतरी बसून हे हाताने केलंय. तुम्ही खरंच हाताने काही करत असाल तर मग पाटीवर स्वतःचं अक्षर का नको? आणि करत नसाल तर यंत्राने बनलेल्या मालावर हाताच्या अक्षराचं लेबल, ते मला तरी पटत नाही. एका वाचकाने लिहिलंय की "आता हे फॉन्ट बघूनच कंटाळा येतो", तो कंटाळा बहुतेक फॉन्टचा नसून याचाच असावा.

प्रश्न: मला स्वतःच्या हस्ताक्षराचा असा फॉन्ट बनवायचाय. सुरुवात कुठून करू?

पेन एकच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. कागदावर दोन आडव्या रेघा, त्यांच्यामधलं अंतर पाच सेंटीमीटर तरी असू द्या, आणि अक्षराची रुंदी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. मोठं काढा, लहान काढून वाढवलं तर कागदाचे रेशेही वाढतात. एकेक अक्षर सुटं काढू नका, शब्द लिहा आणि त्यातली अक्षरं उचला, कारण सुटं काढताना आपण फार शहाण्यासारखं काढतो आणि वळणच जातं. ६०० डीपीआयला स्कॅन, मग फॉन्टफोर्ज सारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस. ट्रेस केल्यावर प्रोग्रॅम शेकडो बिंदू टाकतो ते कमी करा, पण थरथर सगळी पुसू नका, तीच तर हवीये.

देवनागरी करणार असाल तर अ पासून सुरू करू नका. आधी ण, क, ळ, झ आणि ष्ट्य काढून बघा. तिथे रुंदी किती लागते ते कळलं की बाकीच्यांची रुंदी त्यावरून ठरवता येते, आणि ते पाच जमले नाहीत तर बाकीची अक्षरं काढायच्या आधीच पेन थोडं बारीक घेता येतं.